पेनाला पुन्हा नाग नदीवर कधी नेता येईल?

जय सेवा भाऊ. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या घरी पेनाला, म्हणजे गोंडांच्या कुळदेवाला, न्हाऊ घालायला नागपूरच्या नाग नदीवर न्यायची रीत होती. भुमका (पुजारी) आणि घरची माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची, लेकरं काठाला खेळायची, येताना नव्या मडक्यात पाणी भरून आणून त्यातच नैवेद्य शिजायचा. पुढं नदीचा नाला झाला आणि गेली कित्येक वर्षं हे सगळं नळाच्या पाण्यावर चाललंय. आता नदी सुधारायचं मोठं काम निघालंय, तर पेनाला परत नदीवर कधी नेता येईल आणि ‘पाणी चांगलं झालं’ हे कुणी सांगितलं तर मानायचं, असं तुम्ही विचारलंय. शेजारच्या ढीवर (मासेमारी करणाऱ्या) कुटुंबांनी माशांचंही विचारलंय.

माझं काम पाणी तपासायचं आहे. कोणतं पाणी विधीला चालतं हे तुमचा भुमका आणि घरची जुनी माणसं ठरवतील, त्यात मी पडणार नाही. मी एवढंच सांगू शकतो की कोणत्या कामाला कोणतं पाणी धोक्याचं आहे आणि ते तुमचं तुम्हाला कसं ओळखता येईल.

‘नदी स्वच्छ झाली का’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सरकारी भाषेत नदीचं पाणी वापराप्रमाणे वर्गांत बसवलेलं असतं. उघड्यावर आंघोळीसाठी ‘ब’ वर्ग लागतो. त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) 3 किंवा कमी आणि पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 6.5 ते 8.5 हवा. विष्ठेतून येणारे जंतू, म्हणजे अहवालातले फीकल कोलिफॉर्म, 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत असलेले बरे आणि 2500 च्या वर कधीच नकोत. मासे आणि वन्यजीवांसाठी ‘ड’ वर्ग पुरतो. तिथे ऑक्सिजन 4 चालतो आणि मुक्त अमोनिया 1.2 च्या आत लागतो, पण जंतूंची मर्यादाच नाही. शेतीचा ‘इ’ वर्ग तर मुख्यतः क्षारांवरच बघतात. त्यामुळे एखाद्या कार्यक्रमात ‘पाणी मानकाप्रमाणे आहे’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या वर्गाच्या मानकाप्रमाणे, हे तिथल्या तिथे विचारा. ‘ड’ वर्गाचं पाणी दिसायला बरं असतं, त्यात मासे असतात, बगळे उतरतात, आणि तरीही त्यात लेकराला उतरवणं चुकीचं असतं.

तुमच्या रीतीत एकाच दिवशी चार वेगवेगळे वापर होतात. पाय भिजवून काठाला उभं राहणं, कमरेइतकं उतरून पेनाला न्हाऊ घालणं, लेकरांचं डुंबणं (यात नाकातोंडात पाणी जातंच) आणि पाणी घरी आणून त्यात शिजवणं. चारही वापरांचा धोका वेगळा आणि चारही एकाच वर्षी परत येणार नाहीत. घरच्यांशी बोलताना ही वाटणी आधी करून घ्या. नाहीतर ‘सगळं किंवा काहीच नाही’ यावर अडून बसायची वेळ येते आणि रीत आणखी वीस वर्षं लांबते.

आता परिस्थितीकडे येऊ. नाग नदी लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून निघते, 1870 साली बांधलेल्या अंबाझरी तलावात येते आणि तिथून शहरातून सुमारे 17 किलोमीटर वाहते. पूर्वेला पिवळी नदी तिला मिळते, पुढे ती कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला जाते. अंबाझरीचा सांडवा पावसाळ्यात वाहतो. उरलेले आठ महिने शहरातल्या नदीत जे वाहताना दिसतं ते जवळजवळ सगळं आपल्याच घरांतलं सांडपाणी असतं. बख्त बुलंद शहानं 1702 मध्ये वाड्या-वस्त्या जोडून नागपूर वसवलं, तेव्हा ही नदी ओढे, झिरे आणि काठाच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर उन्हाळाभर टिकत असणार. ती जमीन आज डांबर आणि काँक्रीटखाली गेली आहे.

म्हणून सांडपाणी अडवलं की नदी आपोआप स्वच्छ वाहू लागेल, हा समज काढून टाका. 2021 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत नाग नदीचा प्रकल्प मंजूर झाला. त्याचा मंजूर खर्च सुमारे 2,117 कोटी रुपये होता आणि नवी प्रक्रिया केंद्रं मिळून रोजची क्षमता 92 एमएलडी, म्हणजे 9 कोटी 20 लाख लिटर. नदीत पडणारे नाले काठाच्या वाहिन्यांत वळवायचे आणि ते पाणी केंद्रावर न्यायचं, हा त्याचा गाभा आहे. काम गरजेचंच आहे. पण नाले पूर्ण अडवले आणि प्रक्रिया झालेलं पाणी दुसरीकडे गेलं, तर एप्रिलमध्ये नदीत उरणार काय? शहराच्या भांडेवाडी सांडपाणी केंद्रात शुद्ध होणारं बरंच पाणी आज कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. पेंच धरणाचं पिण्याचं पाणी त्यामुळे वाचतं, ही त्यातली चांगली बाजू. नदीला मात्र त्यातला थेंब मिळत नाही.

हिशेब करून बघा. पात्राच्या मधल्या 5 मीटर रुंदीत 30 सेंटिमीटर खोल पाणी सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगानं वाहतं ठेवायचं, तर सेकंदाला 300 लिटर लागतात. दिवसाचे झाले सुमारे 26 एमएलडी. नव्या 92 एमएलडीतला चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग वरच्या अंगाला, शहराच्या पश्चिमेला, नदीत परत सोडला तरच गुडघ्याखालचं का होईना, वाहतं पाणी मे महिन्यात दिसेल. खाली पूर्वेला सोडलं तर शहराचं पात्र कोरडं आणि पलीकडच्या गावांना फक्त केंद्राचं पाणी. पेनासाठी कमरेइतकं पाणी हवं असेल तर एवढ्या प्रवाहात ते एखाद्या डोहातच मिळेल, आणि डोह मुद्दाम राखावा लागतो. पावसाळ्याआधी पोकलेननं गाळ काढताना पात्र एकसारखं सपाट केलं की डोह जातात.

दुसरा हिशेबही मांडतो, कारण तुमच्या ‘कधी’चं उत्तर त्यात आहे. 17 किलोमीटर त्याच वेगानं पार करायला पाण्याला साधारण 24 तास लागतात. म्हणजे शहरात नदीला स्वतःला धुऊन घ्यायला एकच दिवस मिळतो. केंद्रातून 10 बीओडीचं पाणी बाहेर पडलं, जे चांगल्या केंद्राचं काम मानतात, तर एका दिवसात ते फार तर 7 च्या आसपास येईल. आंघोळीला 3 लागतो. वरून येणारं ताजं पाणी मिसळलं, पुढे पाणकणसाची ओलण (पाणथळ जागा) राखली, मध्ये छोटे धबधबे करून हवा मिसळू दिली, किंवा केंद्रातच आणखी एक टप्पा वाढवला, तरच तो आकडा गाठता येतो. त्यामुळे माझा अंदाज असा आहे: नाले खरोखर अडले आणि वरून पाणी सोडलं, तर काठाला उभं राहून पाय भिजवणं सगळ्यात आधी शक्य होईल. कमरेइतकं उतरणं त्याच्या बऱ्याच मागून, तेही ठराविक घाटावर आणि ठराविक महिन्यांत. लेकरांचं डुंबणं त्याहून उशिरा. आणि शहराच्या पात्रातलं पाणी मडक्यात आणून त्यात शिजवणं, हे प्रकल्प यशस्वी झाला तरी मी सुचवणार नाही.

शिजवण्याचं थोडं खोलात सांगतो, कारण ‘उकळलं की झालं’ असं सगळेच म्हणतात. खळखळून एक मिनिट उकळलं की जंतू मरतात, हे खरं. पण नायट्रेट, जड धातू, साबण-डिटर्जंटचे अंश उकळून जात नाहीत. पाणी आटतं तसे ते उलट दाट होतात. काठावरच्या विहिरीचं पाणीही पर्याय म्हणून सरळ धरू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि सांडपाण्याजवळच्या विहिरी ही मर्यादा सहज ओलांडतात. नदीचंच येर (पाणी) मडक्यात हवं असेल तर पावसाळ्यात लाव्ह्याकडच्या उगमाच्या बाजूचं, वस्तीच्या वरचं पाणी आणायचं आणि ते आधी तपासून घ्यायचं, ही वाट घरच्या जुन्या माणसांपुढे ठेवता येईल. गोंडी समाजात पाणी लांबून चालत आणायची परंपरा आहेच. केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेश्राम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात.

आता तुमच्या घाटाची तपासणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेतं ते ठरलेल्या जागांवर, आणि तुमचा घाट त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. अर्ध्या किलोमीटरवर एखादा नाला मिळत असला की वरचा अहवाल खाली लागू पडत नाही. म्हणून तीन जागी नमुने घ्या: घाटावर, घाटाच्या वर अर्ध्या किलोमीटरवर आणि सगळ्यात जवळचा नाला मिळतो त्याच्या खाली. महिन्याभरात पाच वेळा. असं हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर, असे तीन महिने.

नमुना घेण्यातच निम्म्या चुका होतात. जंतूंसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. झाकणाच्या आत बोट लावू नका, झाकण जमिनीवर ठेवू नका. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या पायानं उसळलेला गाळ मागे जाईल. बाटलीचं तोंडही वरच्या बाजूला ठेवून पृष्ठभागाच्या 20 ते 30 सेंटिमीटर खाली भरा आणि वर दोन बोटं जागा रिकामी सोडा. बर्फाच्या डब्यात घालून 6 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. उन्हात दुचाकीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीचा आकडा काहीच सांगत नाही. जवळपास क्लोरीन मारलेलं पाणी सुटत असेल तर प्रयोगशाळेला आधी सांगा, ते बाटलीत थायोसल्फेट घालून देतात. नाहीतर बाटलीतही क्लोरीन जंतू मारत राहतो आणि आकडा खोटा चांगला येतो. विहिरीसाठी मिळते ती काळी पडणारी छोटी बाटली नदीवर वापरू नका. ती फक्त ‘जंतू आहेत की नाहीत’ सांगते आणि शहरातल्या नदीत ती नेहमीच काळी पडेल.

ऑक्सिजन मात्र तिथेच, डोळ्यांसमोर बघता येतो आणि घरच्या पोरांना दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे. काचेची 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता पाण्याखालीच भरायची. मग मँगनीज सल्फेटचं द्रावण 1 मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचं 1 मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. झाकण लावून पंधरा वेळा उलटीपालटी करा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहाच्या रंगाचा तपकिरी साका धरतो. मुळीच नसेल तर साका पांढरा, ताकासारखा राहतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की कुणाला आकडा समजावून सांगावा लागत नाही. अझाइड विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला, लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि विज्ञान महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना सोबत घ्या. आकडा काढायचं पुढचं टायट्रेशन त्यांच्याच प्रयोगशाळेत करा.

वेळ महत्त्वाची आहे. ऑक्सिजन पहाटे सहाच्या आसपास मोजा. हिरवं शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी तीनला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रात्रभर श्वास घेऊन तेच शेवाळ पहाटेपर्यंत तो संपवतं. दुपारचाच आकडा दाखवणारा अहवाल अर्धाच समजा.

अहवाल हाती आला की सरासरीकडे आधी बघू नका. समजा पाच नमुन्यांत फीकल कोलिफॉर्म 400, 600, 300, 500 आणि 40,000 आले. कुणी म्हणेल तो शेवटचा चुकून आला, काढून टाका. काढू नका. त्या दिवशी काय झालं ते शोधा: पाऊस होता का, वर कुठला पंप बंद पडला होता का, रात्री कुणी मैल्याचा टँकर रिकामा केला का. पेनाचा दिवस तिथीनं ठरतो. तो त्या 40,000 च्या दिवशी पडला तर बाकीचे चार आकडे कामाचे नाहीत. शिवाय जंतूंचा निकाल यायला दोन ते चार दिवस लागतात, त्यामुळे त्या सकाळी तुमच्या हातात ताजा आकडा नसणारच. त्यासाठी एक नियम पाळा: चांगला पाऊस झाला की पुढचे तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही. पहिल्या पावसात रस्त्यांवरची आणि गटारांतली सगळी घाण एकदम येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी भरलेली, बिनवासाची दिसते, बीओडीही पातळ होऊन कमी येतो, आणि जंतू मात्र भरपूर असतात. लोक फसतात ते याच महिन्यांत. पायाला भेग किंवा जखम असेल तर त्या दिवसांत अजिबात उतरू नका, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो अशाच वाटेनं शरीरात शिरतो.

पाण्यातले किडेही बघा, फुकटची आणि भरवशाची तपासणी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीसमोर पायानं तळाचे दगड तीन मिनिटं हलवायचे आणि जाळीतलं पांढऱ्या ताटात ओतायचं. नुसत्या लाल, रक्तासारख्या अळ्या आणि लांब शेपटीच्या अळ्या निघाल्या तर पाणी अजून गटाराचंच आहे. चतुराची पिल्लं, गोगलगायी दिसू लागल्या तर सुधारणा सुरू झाली. तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले हलवणारी मेफ्लायची पिल्लं निघाली तर आनंद करा. रासायनिक अहवाल एका क्षणाचा असतो, ती पिल्लं मात्र कित्येक आठवडे त्या पाण्यात जगलेली असतात.

ढीवर मंडळींना हे सांगा. मरळ आणि मागूर वरची हवा पिऊन जगतात, म्हणून ते दिसले म्हणजे पाणी सुधारलं असं होत नाही. अमोनियाचा तर उलटा खेळ आहे. एकूण अमोनिया 20 असला तरी पीएच 7.2 ला विषारी मुक्त भाग 0.2 हूनही कमी असतो. तोच दुपारी शेवाळामुळे पीएच 8.2 झाला आणि पाणी 30 अंशांवर गेलं की 2 च्या वर जातो. एका दुपारीत मासे तरंगतात ते यामुळेही. खाण्याबाबत माझं मत स्पष्ट आहे: शहराच्या पात्रातला मासा सध्या खाऊ नका. तळाचा गाळ खाणारा तर मुळीच नाही, धातू शिजवून जात नाहीत. पुढे आंभोरा आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यावर ज्यांचं पोट आहे, त्या ढीवरांकडे आपलंच पाणी जातं. नाले अडवायच्या मागणीत त्यांनाही सोबत घ्या.

मागणी कुठे आणि कशी करायची? नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार इथे मिळत नाही. माहितीचा अधिकार मात्र सगळ्यांना आहे: 10 रुपये आणि 30 दिवस. त्यात तीनच गोष्टी विचारा. नव्या केंद्रांचं पाणी नदीत नेमकं कुठे सोडणार. बाहेर पडताना बीओडी आणि फीकल कोलिफॉर्म किती धरले आहेत. आणि एप्रिल-मे महिन्यांत नदीत किती एमएलडी राहणार. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर तीच तुमची पहिली मागणी.

घाटाची मागणी नकाशे पक्के होण्याआधी करा, कारण एकदा उभी भिंत झाली की उतरायला वाट राहत नाही. साधा नकाशा काढून द्या: 15 सेंटिमीटर उंचीच्या रुंद पायऱ्या, म्हाताऱ्यांसाठी एका बाजूला उतार, खाली दोन-तीन जणांना पेन घेऊन उभं राहता येईल असा खडबडीत ओटा आणि त्यासमोर राखलेला डोह. पेनठाण्याचा कायमचा चौथरा निळ्या पूररेषेच्या आत मागू नका. ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, तिच्या आत बांधकामाला परवानगी नसते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. चौथरा वर आणि पायऱ्या खाली ठेवा. वरच्या बाजूला उंबर, करंज, जांभूळ लावा, काँक्रीट जितकं कमी तितकं बरं.

पहिले पाच नमुने जानेवारीत घ्या. पाऊस संपून तीन महिने झालेले असतात, पोकलेन अजून पात्रात उतरलेलं नसतं, आणि तेव्हा जे आकडे येतील तो तुमच्या घाटाचा आजचा खरा चेहरा असेल. ते आल्यावर इथेच टाका, एकेक आकडा कोणत्या वापराला काय सांगतो ते बघू.